कच्च्या वहीची बाजू

'व्हिज्युअल जर्नल' या शब्दाची सध्या आपल्याकडे चलती आहे. कला महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांविषयीच्या चर्चेत तो येतो, नव्या शैक्षणिक धोरणाच्या कार्यशाळांत येतो, आणि अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या साध्या पदवी महाविद्यालयांतही 'सर्जनशीलतेला चालना देणारा उपक्रम' म्हणून येऊन बसतो. विद्यार्थ्याने एक वही बाळगायची. तिच्यात रेखाटने, टिपणे, रंगांचे डाग, कात्रणे, तिकिटे, कानांवर पडलेली वाक्ये, मनात येऊन अर्धवट राहिलेले सारे काही रोज नोंदवत जायचे आणि या साठवणीतून आपली स्वतःची दृष्टी घडू द्यायची, अशी ही कल्पना. कल्पना उत्तम आहे. माझे भांडण आहे ते आपण तिची जी गत करतो आहोत त्याच्याशी. ज्या रीतीने ही वही वर्गात येते आहे, त्या रीतीने ती विद्यार्थ्याच्या हातात पडण्यापूर्वीच तिच्यातला जीव गेलेला असतो.

मराठीच्या अध्यापकाने चित्रकलेच्या वहीत नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. एक कारण असे की ही वही निम्मी चित्रांची आणि निम्मी शब्दांची असते, आणि ते शब्द कोणत्या भाषेतले असावेत हा प्रश्न आमच्याही दारात येतो. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्याची जी अडचण आहे तीच मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याची आहे: दोघांनाही पक्की वही लिहिता येते, कच्ची वही ठेवता येत नाही.

आधी 'जर्नल' या शब्दाकडेच पाहू. मुंबईच्या कोणत्याही महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या मुलाला हा शब्द विचारा. त्याच्या लेखी जर्नल म्हणजे प्रात्यक्षिकांची वही. परीक्षेपूर्वी 'सर्टिफाय' करून घ्यायची, विभागप्रमुखांची सही आणि शिक्का असल्याशिवाय प्रात्यक्षिकाला बसू न देणारी वही. ती कशी तयार होते हे सर्वांना ठाऊक आहे. मागच्या वर्षीच्या मुलाची वही मिळवायची, निष्कर्ष आधी उतरवायचा, मग त्या निष्कर्षाला शोभतील अशी निरीक्षणे मागे जाऊन भरायची. म्हणजे प्रयोगाची नोंद प्रयोगाच्या आधीच पूर्ण! ही पद्धत इतकी मुरलेली आहे की तिला कोणी लबाडी म्हणत नाही. त्या शब्दाला आता आपण 'व्हिज्युअल' हे विशेषण जोडले आहे, आणि विशेषण बदलल्याने नामाचा स्वभाव बदलेल अशी आशा धरून बसलो आहोत.

उपनगरातल्या एका महाविद्यालयात या उपक्रमाचे सूचनापत्र माझ्या पाहण्यात आले. किमान तीस पाने; प्रत्येक पानावर दिनांक; सुरुवातीला अनुक्रमणिका; दर आठवड्याला शिक्षकांची सही; एकूण गुण वीस, पैकी पाच 'आकर्षक मांडणी'साठी. त्या सूचनांनुसार तयार झालेल्या वह्याही मी चाळल्या. एकही वाईट नव्हती, हेच त्यांचे दुर्दैव. सुबक समास, चिकटवलेले वाळके पान, मंडल, चंद्रकोर, इंटरनेटवरून उतरवलेले इंग्रजी सुवचन आणि त्याभोवती वेलबुट्टी. वेगवेगळ्या मुलांच्या वह्यांत तेच पान, तीच चंद्रकोर. वर्षभराच्या तारखा पडलेल्या, पण शाई एकाच पेनाची आणि घाई एकाच आठवड्याची. खाडाखोड कोठेही नाही. ज्या वहीत एकही चूक नाही ती वही विद्यार्थ्याची नव्हे, परीक्षकाची असते. मुलाने ती फक्त त्याच्या वतीने भरलेली असते.

यात मुलांचा दोष नाही. आपल्या शाळेत फार पूर्वीपासून दोन वह्या असतात, एक कच्ची आणि एक पक्की. कच्ची वही मागल्या वर्षीच्या उरलेल्या पानांची शिवलेली, तिच्या शेवटच्या पानावर बाईंचे चित्र, फुल्ली-गोळ्याचे डाव, आवडत्या नावाची अक्षरे गिरवून पाहिलेली. पक्की वही तपकिरी कागदाचे कव्हर घातलेली, तपासायला जाणारी. मूल विचार करते ते कच्च्या वहीत. पक्क्या वहीत ते फक्त सादर होते. चित्रवहीचे सारे सामर्थ्य ती कच्ची असण्यात आहे. ती तपासायला घेतली, तिच्यावर लाल शाईची बरोबरची खूण उमटली, की ती त्या क्षणी पक्की होते, आणि मुलाला दुसरी कच्ची वही शोधावी लागते. बहुतेक मुले ती शोधत नाहीत.

हे नुकसान केवढे असते याचा पुरावा आपल्या जुन्या, सर्वांच्या परिचयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांच्या हातात पेन्सिल दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांतल्या एका विषयाचे नाव 'स्मरणचित्र' असे आहे. इतके सुंदर नाव आपल्या कोणत्याच प्रश्नपत्रिकेला लाभलेले नाही. पाहिलेले आठवायचे आणि आठवलेले रेखायचे. चित्रवहीचा गाभा नेमका हाच आहे. परंतु दहावीच्या निकालात या परीक्षेच्या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात, आणि त्यामुळे क्लासमध्ये स्मरणचित्रे तयार करून घेतली जातात. भाजीबाजार, बसथांबा, पावसाळ्याचा दिवस, गणपतीची मिरवणूक: चार-पाच दृश्ये घोटून ठेवायची, डावीकडे झाड, उजवीकडे पाठमोरी बाई, मागे घर. बोरिवली स्टेशनाबाहेरच्या भाजीबाजारातून रोज वाट काढत शाळेत जाणारी मुलगी परीक्षेत जो भाजीबाजार काढते त्यात कौलारू घर आणि बैलगाडी असते. तिच्या बाजारातली निळी ताडपत्री, काट्यावर ठेवलेला मोबाइल, रिक्षाच्या चाकाशी आलेली कोथिंबिरीची जुडी यांतले काहीही तिच्या चित्रात नसते. स्मरणचित्राचे पाठांतरचित्र झाले. चित्रवहीला गुण लावले तर तिचे याहून वेगळे काय होणार आहे?

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, त्याची आपल्याला गरजच काय, असा एक सूर दुसऱ्या बाजूने लागतो. शब्द परका आहे हे खरे. वस्तू परकी नाही. मुंबईचेच तीन दाखले देतो.

पहिला रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा. १८९० साली कोल्हापूरहून येऊन ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९३१ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. या काळाचा वृत्तान्त त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मराठीत लिहिला. धुरंधर म्हटले की आपल्याला पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंगांची मोठी तैलचित्रे आठवतात. पण त्यांनी १९१२ च्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकासाठी काढलेली मुंबईच्या गल्लीबोळांतली माणसे पाहा. रोजच्या रस्त्यावर हात चालता ठेवल्याशिवाय खांद्यावरच्या ओझ्याने बदललेली चाल किंवा लुगड्याच्या निऱ्या सावरणारा हात असा कागदावर येत नाही. दक्षिण केन्सिंग्टनच्या शिस्तीत तयार झालेल्या, बक्षिसे आणि पदके मिळवलेल्या या चित्रकारानेही रस्त्यावरच्या माणसांची भराभर रेखाटने करणे सोडले नाही. परीक्षेची कला आणि पाहण्याची कला या दोन्ही त्यांच्यापाशी होत्या. आपण त्यांतली एकच वारसा म्हणून घेतली.

दुसरा दाखला मारिओ मिरांडा यांचा. भिंतींवर चित्रे काढणाऱ्या या मुलाच्या हाती त्याच्या आईने कोरी वही दिली, आणि त्या वहीला तो आपली डायरी म्हणू लागला. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण त्याने घेतले नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये तो इतिहास शिकला. त्याच्या १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या सचित्र डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. ऐन विशी-पंचविशीतल्या मुलाचे ते दिवस आहेत: गोव्यातले गाव, पाद्री, नातलग, लग्ने, मित्रांचा टवाळपणा, मुंबईची गर्दी. कोणत्याही शिक्षकाने त्यांवर सही केलेली नाही. मारिओंच्या पुढच्या व्यंगचित्रांतली खच्चून भरलेली, तरी प्रत्येक माणूस वेगळा ओळखू येणारी गर्दी या वह्यांत जमत होती. त्या आईने 'रोज एक पान झालेच पाहिजे आणि रविवारी मला दाखव' असे सांगितले असते, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

तिसरा दाखला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि मराठीच्या विद्यार्थ्याला तो ठाऊक नसणे ही आमच्या विभागांची नामुष्की आहे. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) जे. जे.त शिकले, १९६१ पासून विणकर सेवा केंद्रात नोकरी करत राहिले आणि वर्षानुवर्षे डायऱ्या लिहीत राहिले. त्या डायऱ्यांत घड्याळ, पान, किल्ली, फळ अशा वस्तूंची रेखाटने आहेत आणि त्यांच्या शेजारी मराठी वाक्ये आहेत. वस्तू म्हणजे काय, तिचा आकार कोठे संपतो, रिकामी जागा रिकामी असते का, असा विचार ते तेथे करत होते. 'कोरा कॅनव्हास' हे मौजेने १९९० साली प्रकाशित केलेले त्यांचे पुस्तक या दीर्घ वहीलेखनाच्या सवयीशिवाय लिहून होणे अशक्य होते. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा या डायऱ्यांची पानेही लोकांसमोर आली. वर्तमानपत्रांतली चर्चा मात्र उद्घाटनाच्या वेळी अमोल पालेकर यांचे भाषण अडवले गेले त्याभोवतीच फिरली. ती चर्चा आवश्यक होतीच. पण एका चित्रकाराने मराठी गद्यात केवढा विचार करून ठेवला आहे, हे पाहायला आम्ही मराठीवाले किती गेलो?

बरव्यांच्या वहीमुळे भाषेचा प्रश्न उभा राहतो. आमच्या उपनगरांतून कला महाविद्यालयांत जाणारी कितीतरी मुले मराठी माध्यमातून आलेली असतात. त्यांना 'व्हिज्युअल जर्नल' असे इंग्रजी नाव देऊन वही दिली की पहिल्या पानापासून ती इंग्रजीत लिहू लागतात. 'ब्यूटी', 'नेचर', 'इमोशन', 'चाइल्डहुड' असे चार शब्द फिरत राहतात, कारण तेवढेच बिनचूक येतात. त्याच मुलाला 'भिंतीला ओल कशी येते ते लिही' म्हटले तर पोपडा, बुरशी, लोणा, पापुद्रा, ओघळ असे नेमके शब्द त्याच्यापाशी असतात. डोळ्यांना दिसणारा फरक नोंदवायचा तर तो फरक सांगणारी भाषा लागते, आणि ती त्याची घरची भाषा आहे. दृश्य आणि शब्द एकाच हातात नांदल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी नाहीत. 'भिजकी वही'चा कवी अरुण कोलटकर जे. जे.त शिकला होता आणि जाहिरातक्षेत्रात त्याने नाव मिळवले होते. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीमध्ये शिकवले; ज्या 'मंगल' टंकात आपल्यापैकी अनेकांनी संगणकावर पहिल्यांदा मराठी वाचली तो त्यांच्या आराखड्यातून आला. ही माणसे अपवाद होती असे म्हणून आपण सुटका करून घेतो. अपवाद जन्माला येतात ते सवयीतून, आणि ती सवय लावण्याची जागा म्हणजे ही वही.

आता विरोधकांचा सर्वांत जोरदार आक्षेप: गुण ठेवले नाहीत तर मुले करणार नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे. ज्या व्यवस्थेत बारावीपर्यंत प्रत्येक ओळीला अर्धा गुण मोजला गेला, तिच्यातून आलेल्या मुलाला बिनगुणाची गोष्ट बिनमहत्त्वाची वाटणार. पण याचे उत्तर आपल्याच उपनगरांत, वेगळ्या फाटकांच्या आत आहे. लाखांत फी असलेल्या शाळांत इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा दृश्यकलेचा अभ्यासक्रम शिकवला जातो. २०१६ च्या परीक्षेपासून लागू झालेल्या त्याच्या आराखड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने 'व्हिज्युअल आर्ट्स जर्नल' ठेवणे सक्तीचे केले. परंतु त्या वहीचे थेट मूल्यमापन करायचे नाही, असे स्पष्ट ठरवले. तिच्यातले काही विद्यार्थ्याने स्वतः निवडायचे, नव्याने मांडायचे, आणि गुण त्या मांडणीला. म्हणजे श्रीमंताच्या मुलाला चुकण्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. महापालिकेच्या शाळेतून आलेल्या मुलाच्या वाट्याला मात्र तीच वही सही-शिक्क्यासह येणार. हा भेद मला साधा अध्यापनपद्धतीचा भेद वाटत नाही. कोणाला स्वतःचे असे काही सुचू शकते आणि कोणाला फक्त हुकूम पाळता येतो, याविषयीचा एक निर्णय आपण त्यात नकळत घेऊन टाकलेला असतो.

दुसरा आक्षेप कौशल्याचा. आधी हात तयार होऊ द्या, रेषा नीट येऊ द्या, मग वहीचे चोचले पुरवा, असे जुन्या वळणाचे कलाशिक्षक म्हणतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. नक्कल हीही साधना आहे. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या प्रती केल्या, त्या नकलेतूनच हात तयार झाले. पण आधी कौशल्य आणि मग दृष्टी असा क्रम कधीच नसतो. गाणारा मुलगा रियाज करतो म्हणून न्हाणीघरात गुणगुणायचे थांबत नाही. रियाज पक्क्या वहीत होऊ द्या, गुणगुणण्यासाठी दुसरी वही राहू द्या.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि खर्चाचा. आमची मुले दिवसाचे दोन-तीन तास लोकलमध्ये घालवतात, संध्याकाळी नोकरी करतात. त्यांना रोजनिशी लिहायला फुरसत कोठे? याचे उत्तर अमेरिकेतल्या लिंडा बॅरी या चित्रकथाकार-प्राध्यापिकेने आपल्या वर्गात दिले आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या तिच्या तासांवरचे 'सिलॅबस' हे पुस्तक २०१४ मध्ये निघाले. वही साधी, स्वस्त, शाळकरी. रोजचे काम काही मिनिटांचे: आज केलेल्या सात गोष्टी, पाहिलेल्या सात गोष्टी, कानावर पडलेले एक वाक्य आणि एक चित्र. आपल्या मुलांना यासाठी महागडी आयात वही नको, कोपऱ्यावरच्या दुकानातले लाँगबुक आणि बॉलपेन पुरे. आणि लोकलचा प्रवास ही अडचण असेल तर तीच सामग्रीही आहे. डब्यात उभ्याने झोपणारा माणूस कोणत्या गुडघ्यावर भार देतो, चौथ्या सीटवर अर्धे टेकलेल्याचा दुसरा पाय कोठे जातो, हे वर्गात बसवलेल्या मॉडेलपेक्षा तेथे अधिक शिकायला मिळते.

असल्फ्याचे उदाहरण घ्या. घाटकोपरच्या मेट्रोमार्गावरून दिसणारी ही टेकडीवरची वस्ती २०१७ च्या अखेरीस एका उपक्रमात रंगवली गेली. भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी झाल्या, छायाचित्रे जगभर फिरली. हेतू चांगला असेल. पण ते चित्र मेट्रोतून बघणाऱ्यासाठी होते. त्या वस्तीत राहणारी, चढावरून पाण्याची कळशी नेणारी मुलगी आपल्या वहीत काय काढील? कदाचित रंगवलेली भिंत काढणारच नाही. कदाचित त्या भिंतीच्या आतल्या बाजूचा पोटमाळा काढील, पत्र्यावरून येणारा दुपारचा उजेड काढील. ते आपल्याला अजून कोणी दाखवलेले नाही. तिच्या हाती वही देऊन 'आकर्षक मांडणी'ला पाच गुण आहेत असे सांगितले, तर तीही गुलाबी भिंतच काढील, आणि आपण तिला पाचपैकी पाच देऊ.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. वही सर्वांना द्या, पण तिचे नाव कच्ची वहीच ठेवा. आठवड्यातून दोनदा तासाची पहिली दहा मिनिटे तिच्यासाठी राखा, आणि त्या दहा मिनिटांत शिक्षकानेही स्वतःच्या वहीत काढावे, लिहावे. विद्यार्थ्याने दाखवल्याशिवाय वही उघडू नका. सत्राच्या शेवटी त्याने आपणहून चार पाने निवडावीत, त्यांतून एक काम उभे करावे आणि ती पाने का निवडली हे वर्गात आपल्या भाषेत सांगावे. गुण द्यायचेच असतील तर त्या कामाला आणि त्या सांगण्याला द्या. नॅकच्या अहवालासाठी जिओ-टॅग केलेली छायाचित्रे हवी असतील तर मिटलेल्या वह्यांचा फोटो काढा. जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. स्वतःचे अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक जेथे आहे तेथून ही सुरुवात झाली, तर बाकीच्यांना सबब उरणार नाही.

आणि आम्ही वाङ्मयाच्या लोकांनीही हात झटकून चालणार नाही. आमच्या एम.ए.च्या वर्गात कविता शिकवताना मुले आमच्या तोंडचे वाक्य उतरवून घेतात, परीक्षेत तेच परत येते, आणि आम्ही खूश होऊन बरोबरची खूण करतो. कविता वाचताना नेमके काय दिसले, कोठे अडखळले, कोणता शब्द घरी आजीच्या तोंडी ऐकला होता, हे लिहायला त्यांच्यापाशी एकही पान नसते. सर्जनशीलता शिकवता येत नाही, असे आपण व्यासपीठावर नेहमी म्हणतो. ती मारता मात्र हमखास येते, आणि त्यासाठी लाल पेन पुरते. हे पेन वर्षभरापुरते खिशात ठेवण्याची ज्या विभागाची तयारी असेल, त्यानेच 'व्हिज्युअल जर्नल'चा ठराव मांडावा. बाकीच्यांनी मुलांचे कागद वाया घालवू नयेत.